ज्याला कळलंच नाही त्याचं सुतक

सुरुवातीलाच माफी मागतो. या अंकात दरवर्षी जी माणसं आपल्या कामाबद्दल लिहितात ती तीस-पस्तीस वर्षं एका खुर्चीला धरून राहिलेली असतात. कोणी तहसिलीत, कोणी दवाखान्यात, कोणी शाळेत. मी अजून एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला, त्यामुळे घरच्यांना माझं सगळंच मोठं वाटतं. माझं मला माहीत आहे. ज्या कामाबद्दल लिहितो आहे त्याला नोकरी म्हणावं का, इथूनच शंका आहे. मी जालन्यात एका म्हाताऱ्या माणसाला पुस्तकं वाचून दाखवत होतो. ती पुस्तकं माझ्या धर्माची नव्हती आणि त्यातलं अर्धं मला आजही कळलेलं नाही. संपादक आमचे कॉलेजातले सर आहेत. त्यांना हे सगळं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "कळलं तेवढंच लिही." तेवढंच लिहितो.

या कामाची ओळख मला परीक्षेच्या हॉलमध्ये झाली. कॉलेजात संतोष नावाचा एक मुलगा होता, माझ्या पुढच्या वर्गात. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. अशा मुलांना परीक्षेत लेखनिक मिळतो. तो सांगतो, आपण लिहायचं. नियम एकच आहे, पण तो पाळायला फार जड आहे. हात आपला, उत्तर त्याचं. त्यानं चुकीचं सांगितलं तर चुकीचंच लिहायचं. एकदा त्याचं एक उत्तर चुकलं आणि बरोबर उत्तर मला येत होतं. माझा पेन थांबला. संतोषला ते लगेच कळलं. तो हळूच म्हणाला, "थांबू नको बे. तू बरोबर लिहिलंस तर तू पास होशील, मी न्हाई."

ही गोष्ट मी पुढे साळवे साहेबांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ हसले. म्हणाले, "मल्हारी, या तुझ्या मित्रानं माझी निम्मी पुस्तकं निकालात काढली."

साळवे साहेब म्हणजे निवृत्त पाळक. ख्रिस्ती मंडळींमध्ये देवळाचा कारभार आणि माणसांची सुखदुःखं सांभाळणाऱ्याला पाळक म्हणतात. आयुष्यभर जिल्ह्यातल्या लहान लहान मंडळ्या, म्हणजे एकेका देवळाची माणसं, त्यांनी सांभाळल्या होत्या आणि निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले होते. सरांनी माझं नाव त्यांच्या मुलीला सुचवलं. सुनंदाताई दवाखान्यात नर्स होत्या. देवळाच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर, पुढं कडुनिंब आणि दारात पाण्यानं भरलेली निळी पिंपं, कारण नळाला पाणी कधी येईल याचा जालन्यात भरवसा नसतो.

पहिल्या दिवशी ताईंनी मला दारातच थांबवून काम समजावलं. चहा कधी द्यायचा, गोळी कधी द्यायची. शेवटी म्हणाल्या, "आणि फोन वाजला की वाचन थांबवायचं. लगेच. त्यांना वाटतं अशोकचा असेल."

"अशोक कोण?"

"माझा भाऊ," असं म्हणून त्या ड्यूटीला निघून गेल्या.

वाचून दाखवणं सोपं आहे असं मलाही वाटायचं. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला सरळ केलं. "नाटक करू नको. रडायचं की नाही ते माझं मी ठरवीन." लांब वाक्य असलं की नजर आधी शेवटापर्यंत पळवून आणायची, नाहीतर श्वास मध्येच संपतो आणि अर्थ लोंबकळत राहतो. तळटीप आली की टेबलावर एक टिचकी मारायची, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की आपण तळघरात उतरलो. ऐकणारा झोपला तरी थांबायचं नाही, कारण आवाज थांबला की झोपलेला माणूस जागा होतो आणि झोपलो होतो हे कबूल करत नाही. साहेब तर म्हणायचे, "मी डोळे मिटून ऐकत होतो."

वाचायचो ते सगळं एकाच गोष्टीबद्दल होतं. मला जसं समजलं तसं सांगतो. ख्रिस्ती लोक मानतात की देव माणूस झाला, वधस्तंभावर मेला, आणि त्या एकाच्या मरणानं सगळ्या माणसांचं आणि देवाचं तुटलेलं पुन्हा जुळलं. याला ते प्रायश्चित्त म्हणतात. आता प्रश्न असा की एकाच्या मरणानं दुसऱ्याचं काही कसं होतं? काही पुस्तकं म्हणत, तो आपल्या जागी उभा राहिला, आपली शिक्षा त्यानं घेतली. काही म्हणत, नाही, त्यानं नुसती जागा घेतली नाही, त्यानं माणूसपणच अंगावर घेतलं. माणूसपण ही जर सगळ्यांत मिळून एकच गोष्ट असेल तर त्याचं जे झालं ते सगळ्यांचंच झालं. मग तिसरं पुस्तक विचारी, असं एक माणूसपण असतं तरी कुठं? दिसतात ती सुटी सुटी माणसं.

मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं, ते त्या वर्गात जागा शिल्लक होत्या म्हणून. सामान्य आणि विशेष हे प्रकरण मी पाठ करून पास झालो होतो. साहेबांच्या खोलीत मला पहिल्यांदा कळलं की या प्रकरणापायी कोणाची झोप उडू शकते.

त्यांची झोप अशोकपायी उडाली होती.

हे त्यांनीच मला सांगितलं, एका दुपारी, पुस्तक मिटायला लावून. अशोकची आई गेली तेव्हा तो विशीत होता. मातीहून परत आल्यावर घरात माणसं बसलेली, साहेब सगळ्यांना धीर देत होते की एकाच्या मरणानं आपल्याला जीवन मिळालं आहे. अशोक मध्येच उठून म्हणाला, "बाबा, एकाच्या मरणानं दुसऱ्याचं काय होतं? आई मेली. माझं काय झालं? मला तर कायबी झालेलं दिसत न्हाई. हे मी मानत न्हाई." सगळ्या मंडळीसमोर. साहेब पाळक, घरात बायकोचं दुःख, समोर लोक. ते म्हणाले, "मानत नसशील तर तू बाहेरचा."

अशोक खरोखरच बाहेर गेला. ट्रकवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. शहागडकडच्या हायवेवर कोणी कोणी त्याला पाहिलं होतं. घरी आला नाही.

"मी त्या दिवशी चिडून बोललो," साहेब म्हणाले. "पण चिडून बोललेलंसुद्धा शिकवणीतूनच बोललो. मानतो तो आत, मानत नाही तो बाहेर, असंच शिकवत आलो होतो. आता मला बघायचंय ते बरोबर होतं का. चुकीचं असेल तर तो शब्द मला मागं घ्यायचाय. नुसतं वाईट वाटलं म्हणून नाही. चुकीचा होता म्हणून."

तेव्हापासून आम्ही काय वाचतो आहोत ते मला कळलं. प्रत्येक पुस्तकाला साहेब एकच गोष्ट विचारत होते. माझा मुलगा आत की बाहेर?

त्यांच्याकडे माणसं येत. परतूरहून एक तरुण प्रचारक मोटरसायकलवर यायचा, घाईत, हेल्मेट काखेत धरूनच बसायचा. "साहेब, रविवारी संदेश द्यायचाय. तीन मुद्दे सांगा फक्त. जल्दी निघायचंय."

"मुद्दा एकच आहे," साहेब म्हणायचे, "आणि तो मला अजून आलेला नाही."

"मंग दोन तरी द्या."

मी तोंडावर पुस्तक धरून हसायचो. साहेबांना तेही कळायचं. "मल्हारी, पान आडवं कर, वास येतोय हसण्याचा."

मी धनगर हे त्यांना कळल्यावर त्यांनी माझ्याकडून मेंढरांचं पुष्कळ काढून घेतलं. म्हणायचे, "मी नावाचा पाळक. खरा पाळक तुझा बाप." आमचं गाव हसनाबादच्या पलीकडे. आबा अजून थोडी मेंढरं ठेवून आहेत. मी त्यांना सांगितलं की आबांना मेंढरं अशी दिसतच नाहीत. ही कानतुटकी, ही गेल्या साली आजारी पडली ती, असं एकेक दिसतं. पण एकीच्या तोंडात लाळ आली की आबा एकटीकडं बघत नाहीत, सगळ्या कळपाकडं बघतात. रोग एकीला होत नसतो म्हणतात. साहेबांनी मला हे दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "रोग असा जातो. औषध असं जातं का, ते विचार एकदा आबांना."

मी विचारलं. आबा म्हणाले, "औषध एकेकीच्या तोंडात घालावं लागतं बाबा. जबडा धरून." मी हे उत्तर साहेबांना नेऊन दिलं. त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा पुस्तकं सुरू झाली.

मग मार्च महिन्यात माझं काही दिवस जाणं झालं नाही. ताईंना फोन करून सांगितलं होतं की भावकीत कोणी गेलंय, सुतक आहे. परत गेलो तर साहेब दारातच खुर्ची टाकून बसलेले.

"कोण गेलं रे?"

"चुलत आज्याच्या घरातला एक जण. परतूरला राहायचा."

"फार जवळचा होता?"

"मी कधी पाह्यलाच न्हाई त्याला, साहेब."

"पाहिला नाहीस? मग तुला कसलं सुतक?"

"भावकी हाय ना."

ते पुढे सरकून बसले. "थांब. तू त्याला पाहिलं नाहीस. तो तुला ओळखत नव्हता."

"न्हाई."

"तुझी त्याच्यावर माया नव्हती."

"कशी असंल? नावसुद्धा आबाला विचारून घेतलं."

"तरी तो मेला आणि तुझं देवपूजेचं, गोडधोडाचं सगळं बंद."

"माझं एकट्याचं न्हाई. पुण्यात आमचा एक जण गाडी चालवतो, त्याचंबी. लहान लेकरालाबी लागतं. त्याला विचारून लागत न्हाई."

"विचारून लागत नाही," साहेब स्वतःशी म्हणाले. मग विचारलं, "आणि एखाद्यानं म्हटलं, मी हे मानत नाही?"

"पुण्याचा तसाच म्हणतो. म्हणतो, मी न्हाई पाळत. न पाळू दे. पण भावकीतून कुठं जाणार? उद्या तो गेला तर आम्हाला लागणारच."

साहेब हसले नाहीत. डोळ्यांतून पाणी आलं होतं. मला वाटलं काचबिंदूचं असेल, तसं त्यांचं यायचं. मी ड्रॉप्सची बाटली आणायला उठलो. "बस खाली," ते म्हणाले. "सगळं सांग. कधीपासून धरतात, किती दिवस."

मी सांगितलं. आमच्याकडे मेलेल्या दिवसापासून दहा दिवस. मधेच बातमी कळली तर उरलेले दिवस. दहा दिवस उलटून गेल्यावर कळलं, तर फक्त डोक्यावरून आंघोळ करायची, अंगावरच्या कपड्यांनिशी.

"आणि ज्याला कळलंच नाही त्याचं?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "ज्याला कळलं न्हाई तो आपला जेवून-खाऊन असतो, साहेब. पण नातं असतंच की. बातमी आल्यानं नातं होत न्हाई. बातमी आली की आपण आंघोळ करतो एवढंच."

त्या दिवशी वाचन झालं नाही. संध्याकाळी त्यांनी मला कागद घ्यायला सांगितला आणि शुभ शुक्रवारचं भाषण सांगायला सुरुवात केली.

शुभ शुक्रवारी ख्रिस्ती मंदिरांत दुपारी तीन तासांची उपासना असते. वधस्तंभावर बोललेले सात उद्गार सात वक्त्यांना वाटून दिलेले असतात. साहेबांकडे बहुतेक वर्षं पाचवा यायचा, तहान लागल्याचा. ते म्हणत, देवाला तहान लागत नाही, माणसाला लागते, म्हणून तो माणूस झाल्याची खूण याच उद्गारात आहे. त्या वर्षी त्यांनी तहानेवरून भावकीकडे जायचं ठरवलं. देव भावकीत आला. आता त्याचं मरण आपल्याला लागतं, आपण त्याला पाहिलं नसलं तरी, मानलं नसलं तरी. आणि शेवटी ते अशोकचं नाव घेऊन सांगणार होते, ज्या मंडळीसमोर बाहेरचा म्हटलं होतं त्याच मंडळीसमोर, की तो आत आहे.

मीही गेलो. मागच्या बाकावर बसलो. एप्रिलचं ऊन, पंखे गरम हवा फिरवत होते. चार वक्ते झाले. साहेबांना ताईंनी हात धरून उभं केलं. त्यांनी तहानेचं सांगितलं, सगळे शांत ऐकत होते. मग म्हणाले, "माझ्या एका विद्यार्थ्यानं मला सुतक शिकवलं." आणि माझी सगळी माहिती त्यांच्या खणखणीत आवाजात मंदिरात आली. सुतक, विटाळ, भावकी.

मधल्या रांगेतून एक म्हातारी उठली. मार्थाबाई. मिशनच्या वसतिगृहात आयुष्यभर स्वयंपाक केलेली बाई, डोक्यावर पांढरा पदर. उपासनेत मधे कोणी बोलत नाही. ती बोलली.

"साहेब, इटाळ नका सांगू आम्हाला."

साहेब थांबले. "कोण? मार्था?"

"व्हय, मीच. तुम्ही तहानेचं सांगून राह्यले म्हणून मला आठवलं. माझी आज्जी तहानली की वाड्यांपुढं उभी राहायची. वंजळ करायची आन् वरून पाणी वतायचे. भांडं लागू देत नव्हते. आमचा इटाळ व्हायचा म्हणून. ते सगळं सोडून आम्ही इथं आलो, अन् तुम्ही तेच देवाच्या लेकाला लावता?"

कोणी तिला खाली बसवलं नाही. सगळ्यांच्याच आज्ज्या तशा होत्या. मागच्या बाकावर मला डोकं वर करवेना. ज्या घरांतून वरून पाणी ओतलं जायचं त्यांत आमचंही घर होतं, हे मला लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतून माहीत होतं. सुतक सांगताना ते माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मला सुतक म्हणजे आपली माणसं एवढंच माहीत. त्या बाईला त्याच घरातला दुसरा शब्द, विटाळ, आधी ऐकू येणार, हे मला कळलं नाही आणि साहेबांनाही कळलं नाही. त्यांची आज्जीही तशीच ओंजळ करून उभी राहिली असणार. पुस्तकात इतकं आत गेल्यावर माणसाला आपली आज्जी दिसत नसावी.

साहेबांनी तिच्या आवाजाकडं तोंड वळवलं. मग म्हणाले, "मार्था, मला माफ कर." आणि बसले. भाषण तिथंच संपलं. अशोकचं नाव आलंच नाही. सहावा वक्ता घसा खाकरत पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता मला यायला नको म्हणतील. ते म्हणाले, "मार्थाबाई बरोबर बोलली. मी घरातल्या माणसांचं दुःख सांगत होतो, तिला दाराबाहेर उभं राहिल्याचं आठवलं. दोन्ही एकाच घरात घडत होतं. हे मी कसं विसरलो?"

मी म्हणालो, "मग आपलं म्हणणं चुकलं का, साहेब?"

"म्हणणं चुकलं की नाही, ते आता मला पुस्तकात सापडायचं नाही. मार्थाबाईला त्यात बसवता आलं पाहिजे आणि अशोकलाही. तिला बाहेर ठेवून अशोकला आत घेता येणार नाही." मग म्हणाले, "तू म्हणालास ना, बातमी आल्यानं नातं होत नाही. तेवढं मी धरून ठेवलंय."

ताईंनी मला नंतर सांगितलं की मार्थाबाई उपासनेच्याच संध्याकाळी घरी आली होती. साहेबांसाठी पातळ खिचडी घेऊन. दोघं फारसं बोलले नाहीत. जाताना ती म्हणाली, "अशोकचं काय कळलं का, साहेब? लई गोड पोरगं व्हतं. माझ्या चुलीपुढं बसून भाकर खायचं." साहेब म्हणाले, "कळेल." ताई आत पाणी भरत होत्या.

पुढच्या वर्षी साहेब खचत गेले. पुस्तकं कमी झाली. मी नुसताच बसायचो. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आली होती. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. मी कागद काढला तर म्हणाले, "लिहू नको. लक्षात ठेव. अशोक आला आणि मी नसलो तर त्याला सांगायचं. तू बाहेरचा नाहीस. कधीच नव्हतास. मी चुकलो. एवढंच. म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं.

"नाटक करू नको."

मी पुन्हा म्हटलं, साधं.

"हां. असंच सांग."

फोन वाजला. मी गप्प झालो, तेही झाले. दवाखान्यातून ताई होत्या, गोळी दिली का विचारत होत्या.

त्यानंतर एका रविवारी मी स्वतःच शहागडला गेलो. कोणी सांगितलं नव्हतं. पुलाच्या अलीकडे ट्रक थांबतात, तिथल्या हॉटेलांत विचारत फिरलो. एका हॉटेलवाल्यानं भज्यांच्या कढईवरून नजर न काढता विचारलं, "कोण अशोक? इथं रोज कितीक अशोक चहा पिऊन जातात."

"साळवे. जालन्याचा. वडील पाळक हायेत."

"पाद्र्याचा पोरगा ट्रक चालवतो?" तो हसला. मग माझ्याकडं बघून हसणं आवरलं. "काय काम हाय?"

"निरोप हाय घरचा."

"मला सांगून ठेव. आला तर देतो."

"मलाच द्यायचाय."

"मंग बस," तो म्हणाला आणि माझ्यापुढं चहा ठेवला. पैसे घेतले नाहीत. मी दिवस मावळेपर्यंत बसलो. गोदावरीकडून गाड्या येत राहिल्या. प्रत्येक उतरणाऱ्या माणसाकडे मी बघत होतो आणि मनात ती तीन वाक्यं म्हणत होतो, नाटक न करता.

परीक्षा झाली आणि मी गावी गेलो. आबांचा पाय दुखावला होता, म्हणून मेंढरांमागं मलाच जावं लागलं. उन्हाळ्यात आम्ही मेंढरं घेऊन लांब जातो, शेतकऱ्यांच्या रानात बसवतो. त्यांना लेंडीखत मिळतं, आम्हाला धान्य मिळतं. फोन पाण्यात पडून बंद झाला होता. जूनच्या शेवटी मेंढरं गावाजवळच्या रानात परत आणली. आबा काठी टेकत जेवण घेऊन आले तेव्हा मी त्यांच्यावर मेंढरं सोपवून हसनाबादला गेलो, फोन दुरुस्त करून घेतला. दुकानाच्या पायरीवरच तो चालू केला. ताईंचे बरेच फोन येऊन गेलेले दिसले. मी लगेच लावला.

"मल्हारी," त्या म्हणाल्या, "बाबा गेले रे. मे महिन्यातच. तुला किती फोन केले."

मी म्हणालो, "त्रास झाला का?"

"न्हाई. मार्थामावशी होती बाजूला. पाणी मागितलं, तिनंच पाजलं."

मग मी म्हणालो, "ताई, त्यांनी अशोकदादासाठी निरोप दिलाय माझ्याकडं. मी शहागडला जाऊन आल्तो, सापडले न्हाईत. परत जातो."

"नको जाऊ."

"न्हाई, मी जातो. मी कबूल केलंय."

"मल्हारी, अशोक न्हाई." त्यांचा आवाज अगदी सपाट होता, जसा साहेबांना वाचताना हवा असायचा. "तू कामाला यायच्या आधीच गेला. ट्रकचा अपघात झाल्ता. मालकानं मला फोन केल्ता. मीच जाऊन माती देऊन आले."

मला पहिला दिवस आठवला. त्यांना वाटतं अशोकचा असेल, असं त्या म्हणाल्या होत्या.

"साहेबांना तुम्ही..."

"कसं सांगू? त्यांना तो शब्द मागं घ्यायचा होता. सांगितलं असतं तर कोणाकडून मागं घेतला असता त्यांनी? मला वाटलं, आज सांगते, उद्या सांगते. मंग तुम्ही दोघं ते वाचायला लागलात. रोज थोडं थोडं त्याला आत आणून राह्यले होते. मी म्हटलं, आणू दे." मग म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी मला म्हणाले, अशोकला माझं कळवशील ना? मी म्हणाले, हो बाबा, कळवते."

मी त्यांना निरोप सांगितला. तीन वाक्यं. ज्याला सांगावं असं दुसरं कोणी उरलं नव्हतं. नाटक झालं नाही असं म्हणता येणार नाही.

मी पायी रानात परत आलो. वाटेत सारखा साहेबांचा प्रश्न डोक्यात होता, ज्याला कळलंच नाही त्याचं काय. ते जगातल्या सगळ्यांसाठी विचारत होते, अशोकसाठी विचारत होते. ज्याला कळलेलं नव्हतं असा माणूस त्या खोलीत खुर्चीवर बसून होता आणि मी त्याच्यापुढं पान उलटत होतो.

आबा लिंबाखाली बसलेले होते. माझं तोंड बघून म्हणाले, "काय झालं रे?"

मी सांगितलं. आबांनी साहेबांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडून ऐकलेले प्रश्न तेवढे त्यांना माहीत होते.

"आबा, मी आंघोळ करू का?"

मला वाटलं विचारतील, ते तुझे कोण लागत होते. त्यांनी विचारलं नाही. काठी टेकत उठले, विहिरीवर गेले आणि बादली सोडली. मी कपड्यांनिशीच दगडावर बसलो.

"पण दोघांची हाय," मी म्हणालो. "बापाची अन् पोराची. पोराला जाऊन लई दिवस झाले. दोनदा करायची का?"

आबांनी बादली वर ओढली आणि माझ्या डोक्यावर धरली.

"एकच असती रे आंघोळ," ते म्हणाले. "कितीकांची असली तरी."